मिस पिलबीमचा किनारा

केंब्रिजला आमच्या इमारतीच्या तळघरात
नकाशांची खोली आहे. तिला एकच खिडकी,
तीही फुटपाथच्या पातळीवर;
दिसतात ते येणाऱ्याजाणाऱ्यांचे घोटे
आणि सायकलींची ओली चाकं.
तिथे ऑड्री पिलबीम एकोणचाळीस वर्षं बसली
आणि अंटार्क्टिकाचा किनारा काढत राहिली.

अर्ज तिनं दक्षिणेला जायचाच केला होता.
वय चोवीस, भूगोलात पहिला वर्ग,
दलदलीच्या मुलखात वाढलेली,
गोठलेल्या पाटांवरून घसरत शाळेत गेलेली.
उत्तराचं पत्र तिनं मला एकदा दाखवलं,
घडीवर विरलेलं:
आमचे तंबू दोन पुरुषांच्या मापाचे असतात, मिस पिलबीम.
खाली सही. सहीखाली, जाता जाता,
रेखन विभागात मात्र एक जागा रिकामी आहे.

मग दर वर्षी मे महिन्यात पुरुष परतायचे,
नाकाचं साल गेलेले, दाढ्या वाढलेले,
आणि त्यांच्या वह्या तिच्या टेबलावर पडायच्या.
वह्यांना रॉकेलचा वास, पानांवर चरबीचे डाग.
ती म्हणायची, आकडा बघून मला कळतं
हातमोजा काढून लिहिलाय की घालून.
एका साताच्या शेपटावरून तिनं ओळखलं होतं
की त्या रात्री हॅरल्ड टिबेट घाबरला होता.
त्यानं ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मी पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा
तिनं अक्षांश विचारले नाहीत, ते तिला पाठ होते.
विचारलं, वास कसा असतो?
मी हर्णैची. म्हटलं, पेंग्विनांच्या वसाहतीत
आमच्या बंदरावर सुकट वाळत घालतात ना, तसा,
फक्त उन्हाशिवाय.
आणि आत, पठारावर, काहीच नाही.
आठ आठवडे कशालाच वास नव्हता.
परतताना जहाजाच्या भटारखान्यात कुणी कांदा चिरला
आणि मी दारात उभी राहून रडले,
कांद्यासाठी.
तिनं ते लिहून घेतलं. कुठे, ते माहीत नाही.

त्या किनाऱ्याला बर्फाची एक पडवी होती.
जमिनीला टेकलेली, खाली समुद्र,
कोकणातल्या एखाद्या जिल्ह्याएवढी.
गेल्या फेब्रुवारीत ती अकरा दिवसांत कोसळली.
उपग्रहाचं चित्र आलं, वरच्या मजल्यावर
एका पोरानं कॉफी पीत पीत
पडद्यावरची रेघ मागे सरकवली.
बरोबरच होतं त्याचं.

ऑड्री बातमी ऐकून बसनं आली. वय चौऱ्याऐंशी.
जिना उतरायला तिला दहा मिनिटं लागली.
मूळ नकाशा तिसऱ्या खणात, कापडावर काढलेला.
म्हणाली, ही त्रेसष्टची.
त्या हिवाळ्यात कॅम नदी गोठली होती,
शाई दौतीत धरेना, मी दौत काखेत ठेवायचे.
मग पर्समधून ब्लेड काढलं
आणि स्वतःची रेघ खरवडायला घेतली.
जोर नाही, घाई नाही,
भाकरीचा करपलेला पापुद्रा काढावा तशी.
काळी पूड जमली. तिनं फुंकली.
कापडावर तो जरासा पांढरा ओरखडा राहिला,
उजेडात तिरकं धरलं तरच दिसणारा.

आता नवी तू काढ, म्हणाली. तू पाहिलीयस.

मी काय पाहिलं होतं?
तुकडे पाहिले होते, आणि जिथे आमचा तळ होता
तिथे पाणी.
खात्री नसलेला किनारा तुटक रेघेनं काढायचा,
हा तिनंच शिकवलेला नियम.
मी टाक बुडवला. एक बारीक रेघ, थोडी जागा,
पुन्हा रेघ. वर कुणाची तरी सायकल थांबली,
घंटी वाजली, गेली.

ऑड्रीनं भिंग लावून बराच वेळ पाहिलं.
मग म्हणाली,
हातमोजा घालून काढलीस?